तुम्ही कधी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होता का?

प्रश्न असा आला आहे: "सासऱ्यांच्या अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज भरतोय. त्यात 'तुम्ही कधी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होता का, त्याच्याशी तुमचा काही संबंध होता का' असं विचारलंय. सासरे तरुणपणी मुंबईत गिरणीत होते, लाल बावट्याच्या युनियनची पावती फाडायचे. हा प्रश्न आजही का विचारतात? परदेशी माणूस आणि कम्युनिस्ट यांची सांगड अमेरिकेत घातली तरी कुणी?"

मी न्यू जर्सीत सव्वीस वर्षं इमिग्रेशनची वकिली करतोय आणि हा प्रश्न वाचून भुवया उंचावणारे बरेच काका-मामा माझ्या टेबलासमोर बसून गेलेत. अर्जात काय लिहायचं ते शेवटी सांगतो. आधी सांगड कशी पडली ते.

बहुतेकांना वाटतं, हे सगळं कम्युनिस्टांच्या मागे हात धुऊन लागलेल्या सिनेटर मॅकार्थींचं, म्हणजे १९५० नंतरचं प्रकरण. मॅकार्थी फार उशिरा आले. मूळ आहे पहिल्या महायुद्धानंतरच्या दीड वर्षात, १९१९ च्या सुरुवातीपासून १९२० च्या मध्यापर्यंत. आणि माझ्या मते त्याचं कारण द्वेषात जितकं आहे तितकंच कायद्याच्या एका सोयीत आहे. नागरिकाला त्याच्या मतांसाठी शिक्षा करायची तर खटला, ज्युरी, पुरावा, अपील सगळं लागतं. परदेशी माणसाला देशाबाहेर काढायला यातलं फारसं काही लागत नाही. चिनी मजुरांच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं १८९३ सालीच सांगून टाकलं होतं की हद्दपारी ही शिक्षा नव्हेच. शिक्षाच नाही म्हटल्यावर आरोपीचे हक्कही नाहीत. विचारांची भीती बसली आणि विचारांवर खटला भरणं अवघड असलं, की सरकारचा हात आपोआप ज्याच्यापर्यंत सहज पोहोचतो त्याच्यावर पडतो.

याची रंगीत तालीम १९०१ मध्ये झाली. राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांना एका अराजकवाद्यानं, म्हणजे सरकार ही गोष्टच नको म्हणणाऱ्यानं, गोळ्या घातल्या. मारेकऱ्याचं नाव लिऑन चोल्गोश, ऐकायला पक्कं परदेशी. पण तो जन्मला होता मिशिगनमध्ये, आईवडील पोलंडकडचे. तरी १९०३ मध्ये कायदा झाला तो परदेशी अराजकवाद्यांना देशात येऊ न देण्याचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. तो कायदा चाळीस वर्षं आधी असता तरी चोल्गोश जन्मानं नागरिकच राहिला असता.

युद्धकाळात हे हत्यार आणखी धारदार झालं. १९१७ च्या इमिग्रेशन कायद्यानं वाचता न येणाऱ्यांना बंदी केली आणि आशियाचा एक मोठा पट्टा आखून तिथल्या लोकांना जवळजवळ सरसकट दार बंद केलं. त्या पट्ट्यात हिंदुस्थान होता. ऑक्टोबर १९१८ च्या कायद्यानं पुढची पायरी गाठली: परदेशी माणसानं स्वतः काही केलेलं असण्याची गरज नाही, सरकार उलथवण्याची भाषा करणाऱ्या संघटनेचा तो सदस्य असला तरी पुरे. "सदस्य" हा शब्द लक्षात ठेवा. तुमच्या हातातल्या अर्जात तोच आहे.

नागरिक सुटले असं नाही. समाजवादी नेते युजीन डेब्स यांना युद्धाविरुद्धच्या एका भाषणासाठी दहा वर्षांची शिक्षा झाली आणि १९२० ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी तुरुंगातून लढवून नऊ लाखांहून जास्त मतं मिळवली. पण डेब्सना निदान खटला मिळाला.

आता १९१९. युद्ध संपलेलं, सैनिक घरी परतलेले, महागाई लढाईआधीच्या जवळपास दुप्पट, मजुरी तिच्या मागे धापा टाकत. रशियात क्रांती होऊन दीड वर्ष झालेलं. युद्धात जर्मनांविरुद्ध तापवलेलं लोकमत थंड व्हायला वेळच मिळाला नव्हता. लोकांनी नुसता शत्रू बदलला. फेब्रुवारीत सिएटल शहरात साठ हजारांहून जास्त कामगारांनी सार्वत्रिक संप केला. संपकऱ्यांनी दूध आणि दवाखाने चालू ठेवले, कुणाला ओरखडाही उठला नाही, पाच-सहा दिवसांत संप आटोपला. पण महापौर ओले हॅन्सन यांनी क्रांतीचा कट मोडून काढल्याचा डंका पिटला, पद सोडलं आणि त्यावर व्याख्यानं देत देशभर फिरले. हे गृहस्थ स्वतः नॉर्वेतून आलेल्या आईबापांचे चिरंजीव. पुढे अशी बरीच मंडळी भेटतील. मी मोजायचं सोडून दिलंय.

भीती अगदीच पोकळ नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. एप्रिलच्या शेवटी छत्तीस बॉम्ब टपालानं निघाले, न्यूयॉर्कच्या एका नामांकित दुकानाच्या वेष्टनात. जॉर्जियाच्या एका माजी सिनेटरच्या घरी काम करणाऱ्या बाईनं पाकीट उघडलं आणि तिचे हात गेले. सोळा पुडकी न्यूयॉर्कच्या टपाल कचेरीत अडकून पडली होती, कारण पाठवणाऱ्यानं तिकिटं कमी लावली होती! बातमी वाचून एका कारकुनाच्या डोक्यात प्रकाश पडला, म्हणून ती सापडली. मग २ जूनच्या रात्री बऱ्याच शहरांत एकाच वेळी स्फोट झाले. त्यातला एक वॉशिंग्टनमध्ये ॲटर्नी जनरल, म्हणजे न्यायखात्याचे प्रमुख, मिचेल पामर यांच्या दारात. बॉम्ब लावणारा स्वतःच उडाला. समोरच्या घरात फ्रँकलिन रूझवेल्ट राहत होते, पुढचे राष्ट्राध्यक्ष. हे काम लुइजी गॅलिआनी या इटालियन अराजकवाद्याच्या मूठभर अनुयायांचं मानलं जातं. ते परदेशी होते, हिंसक होते, हे खरं. पण ते बोल्शेविक, म्हणजे रशियात क्रांती करणारे कम्युनिस्ट, नव्हते. अराजकवादी आणि कम्युनिस्ट यांचं आपसात विळ्या-भोपळ्याचं सख्य. हा फरक पामरच्या खात्यात कुणाला ठाऊक नव्हता असं नाही, पण तो करून उपयोग काय?

त्या वर्षी देशात छत्तीसशेच्या वर संप झाले आणि चाळीस लाखांवर कामगार त्यांत उतरले. त्यातला पोलाद कामगारांचा संप मला सगळ्यात बोलका वाटतो. २२ सप्टेंबरला सुरू झाला, साडेतीन लाखांच्या आसपास माणसं. गिरण्यांवर वाढलेल्या तुमच्या सासऱ्यांना मागण्या ओळखीच्या वाटतील: बारा तासांची पाळी नको आणि युनियनला मान्यता हवी. पाळी बदलायच्या दिवशी काही जणांना सलग चोवीस तास भट्टीसमोर उभं राहावं लागे. अंगमेहनतीची कामं करणारे बहुतेक स्लाव्ह, इटालियन, हंगेरियन. मालकांनी कामाच्या तासांवर बोलणं टाळलं आणि संपाला "परदेश्यांचा संप" हे नाव दिलं. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या, अनेक भाषांत: कामावर परत जा, संप फसलाय. एका डिटेक्टिव्ह कंपनीनं आपल्या हस्तकांना लेखी सूचना दिल्या होत्या की सर्बियन आणि इटालियन कामगारांमध्ये जमेल तितकं वैर पेटवा. प्रॉटेस्टंट चर्चेसच्या चौकशी समितीनं ते कागद उजेडात आणले. पेनसिल्व्हेनियात कुठं सभेला बंदी, तर कुठं इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेत बोलायला बंदी. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी संपाबद्दल इंग्रजीतच बोलावं म्हणे. पुढारी विल्यम फॉस्टर हे मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेले; त्यांचं जुनं जहाल पत्रक काढून ते सगळीकडे फिरवलं गेलं. जानेवारी १९२० मध्ये संप काहीही न मिळवता मागे घेतला गेला. मालकांना तोपर्यंत एक धडा मिळाला होता: "पगार वाढवणार नाही" म्हटलं की लोक भांडतात, "हे बोल्शेविक आहेत" म्हटलं की लोक घाबरतात.

पामर यांच्यावर दबाव होता: बॉम्ब फुटले, तुम्ही काय केलंत? बॉम्बवाले सापडत नव्हते. मग त्यांच्या खात्यात एक नवा विभाग उघडला गेला आणि त्यावर चोवीस वर्षांचा एक तरुण वकील नेमला गेला, जे. एडगर हूवर, पुढचे एफबीआयचे प्रमुख. पूर्वी ग्रंथालयात काम केलेलं असल्यानं हूवरना कार्डांची पद्धत चांगली ठाऊक होती. माणसं, संघटना, नियतकालिकं, सगळ्यांची कार्डं तयार होऊ लागली.

७ नोव्हेंबर १९१९, रशियन क्रांतीचा दुसरा वाढदिवस. त्या रात्री डझनभर शहरांत रशियन कामगारांच्या एका संघटनेवर छापे पडले. न्यूयॉर्कमध्ये पंधराव्या रस्त्यावर या मंडळींचं रशियन पीपल्स हाऊस होतं. तिथं त्या वेळी रात्रीचे वर्ग चालू होते. बीजगणित शिकवणाऱ्या वयस्क मास्तरांना चष्मा काढायला लावून मारलं. बरेच सदस्य तिथं इंग्रजी किंवा मोटारदुरुस्ती शिकायला येत. संघटनेच्या जाहीरनाम्यात क्रांतीबद्दल काय लिहिलंय ते त्यांतल्या अनेकांनी वाचलंही नव्हतं. सदस्यत्वाची पावती होती, ती पुरली.

२१ डिसेंबरच्या पहाटे बुफोर्ड नावाचं जुनं लष्करी जहाज न्यूयॉर्कच्या बंदरातून २४९ जणांना घेऊन निघालं. हूवर निरोप द्यायला हजर होते. वर्तमानपत्रांनी त्याला बायबलमधल्या नोहाच्या नौकेवरून "सोव्हिएत आर्क" असं गंमतीदार नाव दिलं. जहाजावर एम्मा गोल्डमन होत्या, चौतीस वर्षं अमेरिकेत राहिलेल्या. लग्नामुळं त्यांना नागरिकत्व मिळालं होतं, मग त्यांना काढलं कसं? इथं माझ्यातला वकील जागा होतो. सरकारनं दहा वर्षं आधीच त्यांच्या केव्हाच विभक्त झालेल्या नवऱ्याचे कागद उकरून काढले होते. त्यानं नागरिकत्व घेताना वय आणि वास्तव्याच्या अटी पुऱ्या केल्या नव्हत्या असं दाखवून त्याचं नागरिकत्व रद्द करवलं. त्याचं गेलं म्हणजे बायकोचंही गेलं, त्या काळचा कायदाच तसा. गोल्डमन यांच्यावर त्यासाठी एकही आरोप सिद्ध करावा लागला नाही. जहाज फिनलंडला लागलं आणि तिथून सगळ्यांना रशियाच्या हद्दीवर सोडलं. पुढं रशियात गोल्डमन यांचं बोल्शेविकांशीही पटलं नाही आणि दोन वर्षांत त्यांनी तोही देश सोडला.

मोठा घाव २ जानेवारी १९२० ला. तिसांहून जास्त शहरांत एकाच रात्री छापे, हजारो अटका. नेमका आकडा इतिहासकार वेगवेगळा देतात, कारण वॉरंट नसलेली कित्येक माणसंही उचलली गेली. डेट्रॉइटमध्ये आठशेच्या आसपास लोकांना सरकारी इमारतीच्या बिनखिडकीच्या एका बोळात दिवसेंदिवस कोंडलं, संडास एकच. बॉस्टनमध्ये साखळ्या घालून रस्त्यानं चालवलं, म्हणजे फोटो चांगले येतात. या सगळ्या कारवाईत शस्त्रं किती सापडली? तीन पिस्तुलं.

माझ्या धंद्यातल्या माणसाला खरी हादरवणारी गोष्ट मात्र कागदावर घडली. हद्दपारीच्या सुनावणीत बाविसावा नियम होता: सुरुवातीलाच माणसाला सांगायचं की तुला वकील घेता येईल. छाप्यांच्या दोन दिवस आधी, ३१ डिसेंबरला, हा नियम बदलला. नव्या शब्दांचा मथितार्थ असा की सरकारचं हित साधण्याइतकी चौकशी पुढं गेली की मग वकिलाचं सांगा. म्हणजे भाषा न येणाऱ्या माणसाकडून "हो, मी सदस्य आहे" वदवून घ्या आणि नंतर म्हणा, आता हवा तर वकील आण. मी नव्या सहकाऱ्यांना हा नियम दोन्ही रूपांत शेजारी शेजारी ठेवून दाखवतो. त्यावर व्याख्यान द्यावं लागत नाही.

आता या कथेतला माझा आवडता माणूस. हद्दपारीचा अधिकार पामरच्या खात्याकडे नव्हता, तो कामगार खात्याकडे होता. मार्च १९२० मध्ये तिथली सूत्रं हंगामी म्हणून लुइस पोस्ट या सत्तर वर्षांच्या उपसचिवाकडे आली. पोस्ट फायली घेऊन बसले आणि एकेक वाचायला लागले, एवढंच त्यांनी केलं. वाचल्यावर दिसलं की कित्येकांना आपण कम्युनिस्ट पक्षात आहोत हे माहीतच नव्हतं. ते समाजवादी पक्षाच्या रशियन, पोलिश, लिथुएनियन अशा भाषावार शाखांत होते. सप्टेंबर १९१९ मध्ये पक्ष फुटला तेव्हा अख्खी शाखा नव्या पक्षात गेली आणि तिच्या यादीबरोबर यांची नावंही. काही महिन्यांत पोस्टनी सोळाशेच्या आसपास प्रकरणं निकाली काढली आणि त्यातली सत्तर टक्क्यांहून जास्त रद्द केली. काँग्रेसमध्ये त्यांच्यावर महाभियोग आणायची तयारी झाली. मे महिन्यात म्हातारा समितीपुढं उभा राहिला आणि कायदा असा काही समजावून सांगितला की महाभियोग तिथंच विरला. शेवटी प्रत्यक्ष हद्दपार झाले ते ५५६.

त्याच सुमारास बारा नामवंत वकिलांनी पामर यांच्या बेकायदा वागण्यावर अहवाल काढला. त्यांतले फेलिक्स फ्रँकफर्टर व्हिएन्नात जन्मलेले, पुढं सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले. बॉस्टनच्या न्यायाधीश अँडरसन यांनी निकालात लिहिलं की झुंड ती झुंडच, मग ती सरकारी अधिकाऱ्यांची असो की गुंडांची. पामर यांनी स्वतःच्या पायावर धोंडाही पाडून घेतला: १ मे १९२० ला उठाव होणार असं भाकीत केलं. न्यूयॉर्कचे सगळे पोलीस रस्त्यावर आले. दिवस उजाडला, मावळला, काहीही झालं नाही. लोक हसले. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीचं पामर यांचं स्वप्न त्याच उन्हाळ्यात संपलं.

आणि मग १६ सप्टेंबरला वॉल स्ट्रीटवर घोडागाडीतला बॉम्ब फुटला, ३८ माणसं गेली. वर्षभरात घडलेल्या कुठल्याही घटनेपेक्षा भयंकर. तरी धास्ती परत उसळली नाही. त्यामुळं मला नेहमी वाटतं, ही लाट निव्वळ बॉम्बवर चढली नव्हती. संप मोडले होते, निवडणुकीचा मोसम सरत आला होता, लोक कंटाळले होते.

लाट ओसरली, पण परदेश्यांचं काय? इथंच माझं आणि बऱ्याच पाठ्यपुस्तकांचं जमत नाही. ती "रेड स्केअर", म्हणजे ही लाल धास्ती, एका प्रकरणात आणि इमिग्रेशनचे कोटे दुसऱ्या प्रकरणात घालतात. कोटे म्हणजे छाप्यांचंच पुढचं पान. छाप्यांत एकेका माणसाची फाइल वाचावी लागत होती, आणि वाचणारा पोस्टसारखा निघाला तर सगळंच मुसळ केरात. कोट्यात फाइलच नाही, माणूस बंदरावर येण्याआधीच नाकारायचा. १९२१ च्या कायद्यानं प्रत्येक देशाला १९१० मध्ये इथं असलेल्या त्या देशाच्या लोकांच्या ३ टक्के इतक्या जागा दिल्या. सिनेटमध्ये विरोधात मत पडलं फक्त एक. तेवढ्यानं भागेना म्हणून १९२४ मध्ये २ टक्के केले आणि हिशोबाचं वर्ष मागं नेलं, १८९०. का? कारण १८९० मध्ये इटालियन, पोलिश, रशियन ज्यू हे लोक फारसे आलेलेच नव्हते. इटलीच्या जागा ४२,०५७ वरून ३,८४५ वर आल्या. जर्मनीला ५१,२२७ मिळाल्या. सहा वर्षांपूर्वी ज्यांच्याशी लढाई केली ते आता चालणारे होते. प्रतिनिधीगृहाच्या इमिग्रेशन समितीचे अध्यक्ष अल्बर्ट जॉन्सन हे वॉशिंग्टन राज्यातले पत्रकार, जहाल कामगार संघटनांशी भांडूनच राजकारणात मोठे झालेले. सिनेटमधले जोडीदार डेव्हिड रीड पोलादवाल्या पेनसिल्व्हेनियाचे. धास्तीचं आयुष्य दीड वर्ष, तिच्या कोट्यांचं चाळीसहून जास्त. १९३९ मध्ये सेंट लुईस जहाजावरचे नऊशेहून जास्त ज्यू निर्वासित फ्लोरिडाचे दिवे पाहून युरोपला परतले, ते याच कोट्यामुळं.

सॅको आणि व्हान्झेटी यांच्यावर लिहायला बसलो तर वेगळं उत्तर होईल. दोघे इटालियन, दोघे अराजकवादी. मे १९२० मध्ये दरोडा-खुनाच्या आरोपाखाली धरले, १९२७ मध्ये विजेच्या खुर्चीवर बसवले. त्यांनी तो खून केला की नाही यावर अजून वाद आहे. खटला निष्पक्ष नव्हता यावर फारसा नाही.

आपल्या लोकांवर याची झळ आली ती वेगळ्या दारानं. भगतसिंग थिंद यांनी युद्धात अमेरिकन सैन्यात नोकरी केली. नागरिकत्वाच्या अर्जावर सरकारी परीक्षकानं हरकत घेताना त्यांच्या गदरवाल्यांशी, म्हणजे हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या क्रांतिकारकांशी, असलेल्या संबंधांवर बोट ठेवलं. म्हणजे आधी विचार. खालच्या कोर्टानं ते मानलं नाही, तेव्हा वर जाऊन मुद्दा वंशाचा केला, आणि १९ फेब्रुवारी १९२३ ला सुप्रीम कोर्टानं हिंदी माणूस "गोरा" नाही म्हणून निकाल दिला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले. त्यानंतर आधी मिळालेली हिंदी लोकांची नागरिकत्वंही काढून घ्यायला सुरुवात झाली. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदरच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी. शेतकी शिकले अमेरिकेत, पण मक्यावरच्या संशोधनाला जागा मिळाली ती मेक्सिकोनं दिली म्हणून. हिंदुस्थानला १९४६ साली वर्षाला १०० जागा मिळाल्या. तो कायदा आणणाऱ्यांत ब्रुकलिनचे इमॅन्युएल सेलर होते. १९२४ मध्ये नवखे सदस्य म्हणून त्यांनी कोट्यांविरुद्ध मत दिलं आणि हरले. १९६५ मध्ये ते कोटे ज्या कायद्यानं गेले त्यावर त्यांचंच नाव आहे. तुमचा-माझा व्हिसा त्या कायद्याचा.

राहिला तुमच्या अर्जातला प्रश्न. दुसऱ्या महायुद्धानंतर, शीतयुद्धाच्या भरात, १९१८ ची "सदस्य" ही कल्पना धुऊन-पुसून पुन्हा वापरात आली. १९५२ च्या मॅकॅरन-वॉल्टर कायद्यानं, ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरूनही, कम्युनिस्ट पक्षाचं सदस्यत्व देशात येण्याच्या आणि नागरिक होण्याच्या आड आणलं. पुढं त्यात सवलती आल्या, पण प्रश्न अर्जावर राहिला.

सासऱ्यांचं म्हणाल तर युनियनची पावती म्हणजे पक्षाचं सदस्यत्व नव्हे. मात्र अर्जात "संबंध" हाही शब्द आहे, म्हणून ते युनियनपलीकडे पक्षाचं काही काम करत होते का, सभासद-पत्र घेतलं होतं का, कोणत्या वर्षी, हे त्यांना शांतपणे विचारा आणि कागद घेऊन माझ्यासारख्या कुणा वकिलाला आधी दाखवा. नागरिकत्वासाठी साधारणपणे अर्जाआधीची दहा वर्षं पाहतात आणि गिरणी संपाला चाळीस वर्षं होऊन गेली. पण जुनं आहे म्हणून "नाही" वर खूण करू नका. खरं "हो" समजावून सांगता येतं. खोटं "नाही" पुढं पंधरा वर्षांनी कुणी फाइल उघडली तर मिळालेलं नागरिकत्वही घेऊन जातं, आणि त्याचे चटके घरातल्या दुसऱ्या कुणालाही बसू शकतात. एम्मा गोल्डमन यांच्या नवऱ्याच्या फाइलीत सरकारनं शोधलं होतं ते असंच काहीतरी.